कॅम्पसचं दार उघडण्याआधी कंपनीला काय विचारायचं

ॲडमिशनचे दिवस आले की पुण्यातल्या कॉलेजांच्या फाटकांवर फ्लेक्स झळकतात: 'हायेस्ट पॅकेज अमुक लाख!' ते पॅकेज एकाच मुलाचं असतं, पण फ्लेक्स बघून पोरं पाठवतात ती शेकडो घरं. एका संलग्न कॉलेजात मी प्लेसमेंट सेलचं काम बघते. कला, वाणिज्य, विज्ञान अशा तिन्ही शाखांची मुलं माझ्याकडे येतात. विद्यापीठात किंवा कॉलेजात हे काम ज्यांच्या गळ्यात नव्याने पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी तो फ्लेक्स उतरवा. त्याजागी मध्यक पगार लिहा. एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था-क्रमवारीची, माहिती भरताना हा आकडा काढावाच लागतो, म्हणजे तो ऑफिसात कुठेतरी असतोच. 41 मुलांना नोकरी लागली असेल तर पगार चढत्या क्रमाने लावायचे आणि 21व्याचा घ्यायचा. सोबत दोन गोष्टी लिहा: किती मुलं मुलाखतीला बसली, आणि वर्षानंतर त्याच नोकरीत किती टिकली. व्यवस्थापन कुरकुर करेल. करू द्या.

आता कंपनीकडे वळू. कॅम्पस मुलाखतीची तारीख देण्याआधी एक पानी फॉर्म भरून घ्या. त्यात बेसिक किती, व्हेरिएबल किती, हातात किती, कामाचं ठिकाण, शिफ्ट, आठवड्याची सुट्टी, बॉन्ड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) आहे का, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत तक्रार समिती नेमली आहे का, एवढं पुरे. एचआरचं ठरलेलं उत्तर येतं, "मॅडम, ते ऑफर लेटरमध्ये येईलच." तेव्हा नमुन्याचं ऑफर लेटरच मागवायचं. चांगली कंपनी दोन दिवसांत पाठवते. जी पाठवत नाही, तिला कॅम्पसची तारीख कशासाठी द्यायची?

हा फॉर्म मी का धरून बसते, ते आकड्यांतच बघा. समजा पॅकेज 3 लाख 60 हजार आहे. घरी पेढे वाटले जातात, कारण सगळ्यांच्या डोक्यात महिना 30,000 असतात. त्यातले 3,000 व्हेरिएबल, म्हणजे मिळाले तर वर्षाअखेर. बेसिक 15,000 धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 1,800, तोही पॅकेजमध्येच मोजलेला. ग्रॅच्युइटी बेसिकच्या 4.81 टक्के, म्हणजे 721. विम्याचा हप्ता 500 धरू. उरले 23,979. त्यातून मुलाच्या वाट्याचा पीएफ पुन्हा 1,800 आणि व्यवसाय कर 200. हातात 21,979. मुलगी असेल तर ते 200 वाचतात, कारण महाराष्ट्रात महिलांना 25,000 पगारापर्यंत व्यवसाय कर नाही. यात फसवणूक काहीच नाही, सगळं कायद्यात बसतं. पण ही वजाबाकी मुलांना मुलाखतीआधी फळ्यावर करून दाखवा. मग खोलीभाडं, मेस आणि हिंजवडीपर्यंतच्या बसचा खर्च त्यांनाच लिहू द्या. सांगलीहून किंवा लातूरहून आलेलं पोर त्यानंतर कंपनीला कुठले प्रश्न विचारतं, ते ऐकण्यासारखं असतं.

बॉन्ड सरसकट बेकायदा नसतो, हे मुलांना खरं खरं सांगावं. पण नोकरी सोडली तर भरायची रक्कम वाजवी असावी लागते, 1872च्या करार कायद्याचं कलम 74 तेच सांगतं. मूळ मार्कशीट आणि सर्टिफिकेटं ठेवून घेणाऱ्या कंपनीला मात्र दारातूनच परत पाठवा. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपचे पैसे आधी भरा म्हणणाऱ्यांनाही तेच. अशांची नावं आम्ही शेजारच्या कॉलेजांच्या सेलना फोन करून कळवतो. लेखी यादीपेक्षा हे लवकर पोचतं.

इंटर्नशिपची तऱ्हा वेगळीच. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एमए, एमएस्सीच्या पहिल्या वर्षात ऑन जॉब ट्रेनिंगला 4 क्रेडिट आहेत, म्हणजे 120 तास. मुलांना नुसतं पत्र देऊन 'जा, शोधा' म्हटलं की चौकातल्या कुठल्याही ऑफिसातून शिक्का मारून आणलेलं सर्टिफिकेट हातात पडतं. म्हणून जागा विभागानेच शोधाव्यात, एका शिक्षकाने मधल्या काळात तिथे जाऊन यावं, आणि रोज काय केलं याची वही बघावी. फुकट काम ही आपल्याकडे सवयच झाली आहे. निदान येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण तरी मागाच.

अप्रेंटिसशिपकडे, म्हणजे शिकाऊ उमेदवारीकडे, कला-वाणिज्यवाले बघतच नाहीत, आणि हे मला कायम खटकतं. 1961च्या अप्रेंटिस कायद्यात 2014 साली सुधारणा झाली, तेव्हापासून बीए, बीकॉमवाल्यांनाही तो रस्ता खुला आहे. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. केंद्राच्या नॅट्स या अप्रेंटिसशिप योजनेत पदवीधराच्या किमान स्टायपेंडचा निम्मा भाग केंद्र सरकार उचलतं. चाकण, भोसरी, रांजणगावच्या कारखान्यांत स्टोअर्स, अकाउंट्स, डिस्पॅच ही खातीही असतात, तिथे फक्त इंजिनिअरच लागतात असं नाही. एचआरला फोन करून थेट विचारा, "तुमचा अप्रेंटिसचा कोटा भरला का?" सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर करार नोंदवला नसेल तर ती अप्रेंटिसशिप नव्हे, स्वस्तातली मजुरी.

राहिलं आपलं स्वतःचं घर. विद्यापीठ आणि कॉलेजही मालकच. फाटकावरचा सिक्युरिटी गार्ड, झाडलोट करणाऱ्या मावशी हे ठेकेदाराचे. तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक तर आपलेच, आणि त्यांचं मानधन महिनोन्‌महिने रखडतं. त्यांच्यासमोर आपण मुलांना योग्य वेतनावर व्याख्यान देणार! ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाला तो द्यावा लागतो, हे तत्त्व 1970च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. तेव्हा लेखा विभागाने ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी मागच्या महिन्याचं पीएफचं चलन, नावांसकट, आणि पगार बँकेत जमा झाल्याचा कागद मागावा. टेंडर सगळ्यात स्वस्ताला देताना किमान वेतनाची बेरीज एकदा तपासावी. किमान वेतनाखालचा दर आला, तर तो कुणाच्या तरी पगारातूनच कापलेला असतो.

कमवा आणि शिका योजनेतल्या मुलांनाही इथेच धरा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतपासून चालत आलेली ही परंपरा आपल्या विद्यापीठातही आहे. पण मुलांच्या वाट्याला बहुधा बाग आणि फायली येतात. ग्रंथालयाचं कॅटलॉगिंग, प्रयोगशाळेतला स्टॉक, वेबसाइटवरचा मराठी मजकूर, परीक्षा विभागाची डेटा एंट्री अशी कामं दिली, तर तीच पुढे बायोडेटात लिहिता येतात. शेवटी पर्यवेक्षकाच्या सहीचं, काय काम केलं ते नीट नमूद करणारं पत्र द्या. आणि पैसे दहा तारखेच्या आत, कारण मेसवाला तेव्हाच मागतो.