वृद्धाश्रमातील औषधे: या चुका टाळा

सांगली-मिरजेतील तीन वृद्धाश्रमांना मी अनेक वर्षे औषधे पुरवतो आणि प्रत्येक नव्या व्यवस्थापकाकडून त्याच चुका होताना पाहतो. सर्वांत घातक चूक म्हणजे डिस्चार्जच्या वेळी लिहून दिलेल्या गोळ्या जुन्या डब्याशी ताडून न पाहता सुरू करणे.

दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या एका रुग्णालयातून परतलेल्या ७८ वर्षांच्या आजींना ग्लिमेपिराइड हे मधुमेहाचे, साखर कमी करणारे औषध लिहून दिले होते. जुन्या डब्यातही तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने होते; नाव वेगळे म्हणजे औषध वेगळे, असे समजून सेविकेने चार दिवस दोन्ही गोळ्या दिल्या. पाचव्या पहाटे आजी घामाने चिंब भिजल्या होत्या, जीभ जड झाली होती आणि रक्तातील साखर ४२ पर्यंत घसरली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या सावरल्या, परंतु या औषधाचा परिणाम बराच वेळ टिकत असल्यामुळे त्यांना पुढेही देखरेखीखाली ठेवावे लागले. दोन्ही स्ट्रिप मी स्वतः पाहिल्या. मागच्या बारीक अक्षरांत घटकाचे नाव एकच होते.

तेव्हापासून डिस्चार्ज कार्ड आणि जुना डबा दोन्ही काउंटरवर आल्याशिवाय मी नवी गोळी देत नाही. दोन्हींत काही जुळले नाही, तर आधी डॉक्टरांना फोन करतो. प्रत्येक पाकिटावर घटकाचे नाव ठळक लिहितो आणि बंद झालेल्या गोळ्या डब्यातून काढायला लावतो. यास वीस मिनिटे लागतात. रिक्षा दारात थांबली आहे म्हणून घाई करणाऱ्या नातेवाइकांसाठीही मी हा नियम मोडत नाही.

दुसरा गैरसमज आयुष्मान वय वंदना कार्डाचा आहे. सत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२४ पासून मिळणारे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. औषधांपुरते बोलायचे तर दाखल होण्यापूर्वीचे ३ आणि सुटीनंतरचे १५ दिवस त्यात येतात. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी डॉक्टरांकडून घटकाच्या नावाने चिठ्ठी घ्यावी आणि जनऔषधी केंद्र गाठावे. महिन्याच्या खर्चात मोठा फरक पडतो.

एसआर किंवा ईआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटून देऊ नये. थायरॉइडची गोळी कॅल्शियमसोबत देऊ नये. मध्ये चार तास जाऊ द्यावेत. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्झेट रोजच्या डब्यात कधीही ठेवू नये. ती मी वेगळ्या पाकिटात, वर वार लिहूनच देतो.