साधं दिसणारं महागडं घड्याळ बघायचं कसं

परभणीच्या माझ्या दोस्तानं जर्मनीचं नोमोस टँजंट घेतलं, चावीचं, लाखाच्या पुढचं. आता "जगात जर्मनी, भारतात परभणी" दोन्ही एकाच मनगटावर आलं म्हणत गावभर फिरायलाय. घरच्यांचा पहिला प्रश्न, ह्याच्यात हाय काय? तारीख नाही, अंधारात चमकत नाही, एवढे पैसे कामून घातले? मलाबी तसंच वाटलं होतं, पण दोन दिवस माझ्याकडं ठेवलं तेव्हा नजर बसली.

दुकानातल्या लाइटात बघूच नका, तिथं सगळंच चमकतंय. सकाळी खिडकीपाशी बसा आन घड्याळ हळूहळू तिरकं करा. काटे स्टीलचे, तापवून निळे केलेले, त्यामुळं एका बाजूनं पार काळे दिसतात आन जरासं हललं की मोराच्या मानेवानी निळा उजेड मारतात. नुसता रंग फासला असता तर असं झालं नसतं. मग मिनिटकाट्याचं टोक कुठवर पोचतंय ते बघा. आकडे फक्त 2, 4, 8, 10, 12, मधी नुसत्या रेघा, सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा, बास. एवढ्या मोकळ्या डायलवर काटा जरा आखूड पडला किंवा छपाई फिसकटली तर लपायला जागाच नाही, भरगच्च डायलात ते खपून जातं.

आता कानाला लावा. घरात आजोबांचं एचएमटी जनता असंल तर तेबी काढा, दोन्हीत 17 ज्वेल, म्हणजे चाकं झिजू नयेत म्हणून आत बसवलेले खडे, पण जनता सेकंदाला 5 ठोके देतं आन हे 6. एकामागं एक ऐकलं की फरक कळतो.

पैठणी घेताना आई पदर उलटा करून बघती ना, तसं हेबी उलटं करा. मागं काच असली तर आतली मशीन दिसती, जाडी फक्त 2.6 मिलिमीटर, आन वरच्या पट्टीवर एकसारख्या रेघा ओढल्यात.

चावी रोज सकाळी, हातातून काढून, हळू. अडलं की थांबायचं, जोर केला की कामच वाढलं. एखाद्या सकाळी राहिली तर संध्याकाळी द्या, भरलं की 43 तास चालतंय. दिवसाला पाच-सहा सेकंद मागंपुढं होणार, मोबाइलशी लावून बघत बसू नका, आन स्पीकरजवळ तर ठेवूच नका, चुंबकानं वेळ बिघडतो.

पाण्यासाठी 30 मीटर लिहिलंय म्हणून विहिरीत उडी मारू नका, ते हात धुताना उडणाऱ्या थेंबांपुरतं हाय. आन आपल्याकडच्या मे महिन्यात कातडी पट्टा घामानं आठ दिवसात वास मारतो, दोस्ताचा मारलाच. तवापासनं उन्हाळाभर घड्याळ कपाटात आन हातावर आजोबांचं जनता.