लाकडावर नारिंगी बुरशी उगवली? या चुका टाळा

पावसाळ्यात लाकडी फाटक, अंगणातला बाक किंवा कापून टाकलेला ओंडका नीट बघा. भेगेच्या कडेने पिवळ्या-नारिंगी, बुळबुळीत बुरशीची रांग दिसेल. उंची जेमतेम एक-दोन सेंटिमीटर, खाली बारीक दांडा, वर उलथन्यासारखं चपटं पातं. हीच डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथुलारिया.

बहुतेक जण ती खरवडतात आणि वरून ऑइलपेंट मारतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दिसतं ते फक्त बुरशीचं फळ; तिचे तंतू आत लाकूड खात असतात. ओल्या लाकडावर रंग चढवला की पाणी आतच कोंडतं. त्याआधी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. चांगलं लाकूड दाद देत नाही. कुजलेल्यात टोक सहज रुततं आणि तपकिरी, चौकोनी तुकडे पडतात. ही बुरशी सेल्युलोज (लाकडाचे पांढरट धागे) संपवते, लिग्निन (त्या धाग्यांना बांधून ठेवणारा तपकिरी पदार्थ) मागे ठेवते, म्हणून हा तपकिरी रंग.

मग पाणी येतं कुठून ते शोधा: गळकी पन्हळ, मातीत रोवलेला खांब, कठड्यावरच्या कुंड्या. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशी वाढत नाही. मऊ भाग सुताराकडून कापून घ्या, लाकूड पूर्ण वाळू द्या, मगच रंग. कापलेल्या टोकांना रंग लावायला रंगारी हमखास विसरतात आणि पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरतं.

दिवाळीनंतर ती सुकून गडद, कडक पापडी होते, तेव्हा ‘गेली’ असं समजू नका. पाऊस पडला की तीच पापडी पुन्हा फुगते. आंब्याच्या वाळक्या फांदीवर दिसली म्हणून झाडावर औषध मात्र मारू नका. ती मेलेलं लाकूड खाते. फांदी छाटली की झालं.

ओळख पटवायला फक्त वरून फोटो काढून भागत नाही, बाजूने दांडा दिसायला हवा. गोल, बिनदांड्याचे ठिपके असतील तर ती बहुधा डॅक्रिमायसेस, म्हणजे तिचीच नातेवाईक पण वेगळी बुरशी. नारिंगी म्हटलं की सरसकट एकच नाव ठोकून देण्याची सवय वाईट.

ही खाण्याजोगी मानली जाते. युरोपीय संघाने 2022 मध्ये हिच्यापासून मिळणारे ग्लायकोलिपिड (साखर आणि स्निग्ध पदार्थ जोडलेली संयुगं) पेयांत टिकाऊपणासाठी वापरायला परवानगीही दिली. पण फाटकावरची तोडून कढईत टाकू नका: वाळवीप्रतिबंधक औषध नाहीतर जुना रंग त्याच लाकडात मुरलेला असतो.