नकारात्मक आणि नकोसे विचार हाताळताना या चुका टाळा

विचार आणि वागणे बदलून मनाचा त्रास कमी करणाऱ्या ज्या उपचारपद्धतीला आपल्याकडे सरसकट सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) म्हटले जाते, तिच्यातील तंत्रे आता अनेक जण वही-पेन घेऊन घरच्या घरी वापरून पाहतात. त्यांपैकी बऱ्याच जणांची काही आठवड्यांनंतर एकच तक्रार असते, की इतके लिहूनही विचार कमी होत नाहीत, उलट वाढल्यासारखे वाटतात. अशा वेळी दोष बहुधा चिकाटीचा नसतो. दोन वेगळ्या जातीच्या विचारांना एकच औषध दिले गेलेले असते, आणि माझ्या मते बाकीच्या सगळ्या चुकांपेक्षा ही चूक अधिक नुकसान करते.

नकारात्मक विचार हा आपण काढलेला निष्कर्ष असतो आणि तो आपल्याला खरा वाटत असतो, जसे की ‘माझ्याच्याने काहीच धड होत नाही’. नकोसा विचार मात्र आपल्या मूल्यांच्या विरुद्ध जाऊन अचानक घुसतो. तो आपल्याला पटत नाही, पण तो आलाच कसा या भीतीने आपण हादरतो. देवासमोर हात जोडलेले असताना मनात अभद्र शब्द येणे किंवा रेल्वेच्या फलाटावर उभे असताना शेजारच्या माणसाला ढकलण्याचे चित्र डोळ्यांसमोर येणे, ही त्याची उदाहरणे आहेत. रॅचमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवून दिले, की कोणताही मानसिक आजार नसलेल्या बहुसंख्य लोकांच्या मनातही असे विचार येतात. फरक पडतो तो त्या विचाराला आपण काय अर्थ देतो आणि त्यानंतर काय करतो, यामुळे.

विचारनोंद लिहिताना होणाऱ्या चुका

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना जी पद्धत विकसित केली, तिच्यातूनच विचारनोंदीचे तंत्र आले आहे. प्रसंग, भावना, विचार, त्याच्या बाजूचा व विरुद्ध पुरावा आणि शेवटी संतुलित विचार, असे रकाने त्यात असतात. पहिली चूक विचाराच्याच रकान्यात होते. साहेबांनी दोन दिवस मेलला उत्तर दिले नाही, म्हणून अस्वस्थ झालेली व्यक्ती तिथे लिहिते, ‘आता माझे काय होणार?’ हा प्रश्न आहे, आणि प्रश्नाच्या बाजूने किंवा विरुद्ध पुरावा गोळा करता येत नाही. त्या प्रश्नाचे मनाने दिलेले उत्तर लिहायला हवे: ‘साहेब माझ्यावर नाराज आहेत आणि ते मला कामावरून काढणार आहेत.’ हे विधान आता तपासता येते. गेल्या महिन्यात साहेबांनी आणखी कोणाच्या मेलला उशिरा उत्तर दिले, नाराजी असली की ते एरवी कसे वागतात, अशा ठोस गोष्टी मग कागदावर येतात.

पुराव्याच्या रकान्यात ‘मला आतून तसे वाटते’ असे लिहिले जाते, तेही चालत नाही, कारण भीती वाटणे हा धोका असल्याचा पुरावा नव्हे. त्याहून मोठी चूक शेवटच्या रकान्यात होते. तिथे ‘सगळे छान होईल’ असे लिहिले की ते लिहिणाऱ्यालाच पटत नाही आणि तंत्रावरचा विश्वास उडतो. संतुलित विचार गोड असण्याची गरज नाही, तो पटणारा असावा लागतो: ‘साहेब नाराज असतीलही, पण एका मेलवरून तसे ठरवता येत नाही, उद्या सकाळी मी स्वतः जाऊन विचारीन.’ स्वतःच अजमावलेली अस्वस्थता शंभरपैकी ९० वरून ६० वर आली, तर नोंद यशस्वी झाली असे समजावे. ती शून्यावर आली नाही म्हणून वही फेकून देणे हा स्वतःवर अन्याय आहे.

आणि कधी कधी विचार नकारात्मक असला तरी खराच असतो. पगारात घराचा हप्ता भागत नसेल, तर ‘पैसे पुरत नाहीत’ या विचारातील त्रुटी शोधत बसू नये. बँकेशी बोलणे, खर्च मांडणे, असे प्रश्न सोडवण्याचे मार्ग तिथे वापरावेत.

नकोशा विचाराशी वाद घालणे

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती महाराष्ट्रात रुजवण्यात मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. त्यामुळे अविवेकी समजुतीला ‘हे कशावरून?’ असा जाब विचारण्याची सवय मराठी वाचकाला चांगलीच परिचयाची आहे. समजुतींसाठी ती सवय मोलाची असली, तरी अचानक घुसणाऱ्या नकोशा विचारावर तीच उलटते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी भाजी चिरताना एका आईच्या मनात येते, ‘या विळीने माझ्या हातून बाळाला इजा झाली तर?’ ती दचकते, विळी माळ्यावर टाकते, दिवसातून अनेकदा सासूबाईंना विचारते, ‘मी असे काही करणार नाही ना?’, आणि मनातल्या मनात ‘मी चांगली आई आहे’ हे वाक्य घोकत राहते. प्रत्येक कृतीने तिला घटकाभर बरे वाटते, पण त्याच वेळी मेंदू शिकतो की विचार खरोखरच धोकादायक होता आणि या खबरदारीमुळेच अनर्थ टळला. पुरावे मोजणेही इथे घोकंपट्टीचाच एक प्रकार होऊन बसते. मंत्रचळ, म्हणजे नकोसे विचार आणि ते शमवण्यासाठी पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींचा आजार (ओसीडी), अशाच आवर्तनांवर पोसला जातो.

विचार दाबल्यानेही काम होत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात ज्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले होते, त्यांना तो टाळता आला नाही, आणि नंतर मोकळीक मिळताच तो त्यांच्या मनात अधिकच येऊ लागला. मनगटावर रबर बँड ओढून विचार थांबवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो मला योग्य वाटत नाही.

त्या आईने करायचे ते वेगळे आहे. ‘हा नकोसा विचार आला आहे’ एवढीच नोंद मनात घ्यावी, उत्तर देऊ नये आणि भाजी चिरणे चालू ठेवावे. विळी पुन्हा ओट्यावर आणावी; बाळ आधी दुसऱ्या खोलीत आणि पुढे नजरेसमोर पाळण्यात असताना काम करावे; सासूबाईंना विचारण्याची उबळ आली तर ती ओसरू द्यावी. मन शांत करण्यासाठी मध्येच दीर्घ श्वास घेत बसले, तर तोही एक पळवाटेचा विधी ठरतो. विचारांनी दिवसाचा मोठा भाग व्यापला असेल, तर हे टप्पे प्रशिक्षित उपचारकाबरोबरच ठरवावेत.

वही भरते, वागणे तेच राहते

‘मी बोललो तर लोक हसतील’ याविरुद्ध कितीही पुरावे लिहिले, तरी बैठकीत तोंड उघडल्याशिवाय भीती सैल होत नाही. आधी अंदाज लिहावा, मग एक वाक्य बोलावे आणि प्रत्यक्षात किती जण हसले ते त्याच दिवशी नोंदवावे. अंदाज न लिहिता बोलले, तर मन नंतर ‘आज नशीब चांगले होते’ असे म्हणून अनुभव पुसून टाकते.

स्वतः करण्याची मर्यादा

जगणे नकोसे वाटत असेल, तर वहीवर विसंबू नये. जवळच्या माणसाला सांगावे आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तो चोवीस तास उपलब्ध असतो. बाळंतिणीला इजेच्या विचाराची भीती न वाटता तो योग्यच वाटू लागला, कोणी बोलत नसताना कानात आवाज येऊ लागले किंवा झोप उडून बोलणे असंबद्ध झाले, तर ती वेगळी आणि तातडीची अवस्था आहे; तिला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. आणि ज्यांची औषधे चालू आहेत, त्यांनी विचारनोंद जमू लागली म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि मात्रेचा निर्णय त्यांच्याबरोबर बसून घ्यावा.