ओठ हलतात, शब्द येत नाही: फिलिपिनो सिनेमाच्या अभ्यासाला लागणाऱ्यांसाठी

फिलिपिनो सिनेमावर प्रबंध लिहायचा असे ज्यांनी ठरवले आहे आणि लिनो ब्रोका, इश्माएल बर्नाल, लाव दियाज ही दिग्दर्शकांची नावे ज्यांना एव्हाना पाठ झाली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस कोण होते आणि 1972 साली त्यांनी लावलेल्या मार्शल लॉमुळे, म्हणजे लष्करी कायद्यामुळे, काय झाले, हे तुम्ही वाचलेलेच असणार. मला सांगायचे आहे ते माझ्या एका चुकीविषयी. तिच्यापायी माझे एक अख्खे प्रकरण आणि सात महिने गेले, आणि खरे सांगायचे तर ती चूक आठवली की आजही कानशिले तापतात.

पुण्यात बसून मनिलाचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती जे लागेल ते तो पाहतो. बर्नाल यांचा 1980 सालचा ‘मनिला बाय नाइट’ मी पाहिला तो कोणा एकाने व्हिडिओ टेपवरून उतरवून घेतलेल्या प्रतीत. रात्रीच्या शहरातली अनेक माणसे त्यात एकमेकांच्या आयुष्यांतून ये-जा करतात: अंध मालिशवाली, टॅक्सीचालक, अमली पदार्थ विकणारी तरुणी, आणि नर्सचा पांढरा गणवेश घालून रोज घरातून निघणारी पण मुळात नर्सच नसलेली एक बाई. माझ्या प्रतीत मध्येच पात्राचे ओठ हलत आणि शब्द येत नसे, आणि काही प्रसंग ऐन रंगात येऊन तुटत. मी त्यावर ‘मौनाचे व्याकरण’ या मथळ्याची बावीस पाने लिहिली. माझ्या मार्गदर्शकांना ती इतकी आवडली की त्यांनी ती एका परिसंवादात वाचायला लावली. तिथे मागच्या रांगेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारले, “तुम्ही पाहिलेली प्रत कोणती?” मला प्रश्नच कळला नाही.

झाले होते असे की हा चित्रपट सेन्सॉरने अनेक महिने अडवून धरला होता आणि सोडला तेव्हा कात्री तर लावलीच, शिवाय ‘मनिला’ हे नावच त्यात येता कामा नये अशी अट घातली. त्यामुळे शीर्षक ‘सिटी आफ्टर डार्क’ झाले आणि संवादांतून शहराचे नाव काढून टाकण्यात आले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्दा मार्कोस 1975 पासून मेट्रो मनिलाच्या गव्हर्नर होत्या आणि त्या शहराची झगमगीत प्रतिमा जगाला दाखवण्याचा त्यांचा खटाटोप चालू होता. तेव्हा अमली पदार्थांचा आणि देहविक्रीचा बाजार त्याच शहराच्या नावाने पडद्यावर येणे राजवटीला कसे परवडावे? मला जिथे दिग्दर्शकाचा संयम दिसला होता, तिथे एक नाव पुसलेले होते. बावीस पानांत मी सेन्सॉरच्या कात्रीचेच रसग्रहण केले होते.

म्हणून हात जोडून सांगते, एखाद्या दृश्याविषयी एक ओळ लिहिण्याआधी आपल्यापुढची प्रत कोणती आहे ते ठरवा. तिची लांबी मिनिटांत मोजून नोंदवलेल्या लांबीशी ताडून पाहा. शीर्षकाची पाटी थांबवून वाचा, कारण बदललेले नाव तिथेच सापडते. पटकथा छापलेली मिळाली तर संवाद ओळीने ओळ लावून पाहा, आणि त्या काळच्या परीक्षणात वर्णिलेला प्रसंग तुमच्या प्रतीत आहे का ते शोधा. आवाज गेला तर आधी टेपवर संशय घ्या, मग सेन्सॉरवर, आणि दिग्दर्शकावर सर्वांत शेवटी. हे सगळे कंटाळवाणे आहे आणि याला एक पूर्ण आठवडा लागतो. माझे सात महिने गेले, तुमचा आठवडा जाऊ द्या.

सुरुवात करायची तर ज्यांच्या प्रतीविषयी शंका उरत नाही अशा चित्रपटांनी करा. ब्रोका यांचा ‘मायनिला, सा मङा कुको नङ लिवानाग’ (1975) 2013 साली आणि ‘इन्सियांग’ (1976) 2015 साली जुने चित्रपट जतन करणाऱ्या वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टच्या पुढाकाराने दुरुस्त होऊन आले आहेत. ‘मायनिला’ कृष्णधवल सुरू होतो आणि शहर जागे होता होता त्यात रंग भरतो. छायाचित्रणकार माइक दे लिऑन यांची ही करामत फिकट टेपवर कोणाच्या लक्षात यायची? त्या चित्रपटातला बांधकामावरचा मुकादम पगारपत्रकावर जास्त आकडा लिहून मजुराच्या हातावर कमी टेकवतो, आणि पैसे अजून आले नाहीत असे सांगून, हवे तर आत्ता घे पण कापून देईन, असेही म्हणतो. या दुसऱ्या प्रकाराला तिथले मजूर ‘ताइवान’ म्हणतात. उपशीर्षकांच्या भरवशावर राहिलात तर हा देशाचा उल्लेख वाटून तुम्ही भलतीकडेच जाल. नायिकेचे नाव लिगाया पाराइसो म्हणजे शब्दशः आनंद आणि स्वर्ग, आणि ती सापडते कुठे ते तुम्ही पाहालच.

भाषेचे दडपण मात्र घेऊ नका. या चित्रपटांची भाषा टागालोग, तिच्यात ‘इकाव’ आणि ‘कायो’ यांत जवळपास आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’इतकेच अंतर आहे आणि आदराचा ‘पो’ वाक्यात जागोजागी येतो. इंग्रजी उपशीर्षकांत हे सगळे सपाट होते, पण मराठी कानाला चार चित्रपटांनंतर ‘पो’ कधी गळला ते आपोआप कळू लागते. पाश्चात्त्य अभ्यासकांपेक्षा आपण इथे दोन पावले पुढे आहोत, असे माझे मत आहे.

हाच सापळा जुन्या काळाकडे गेल्यावर अधिक खोल होतो. होसे नेपोमुसेनो यांचा 1919 सालचा ‘दालागांग बुकिद’ हा फिलिपिनो निर्मात्याचा पहिला कथापट मानतात. तो एका सार्सुवेलावरून, म्हणजे तिथल्या संगीत नाटकावरून बेतला होता, आणि मूकपट असल्याने नायिका आतांग दे ला रामा चित्रपटगृहात स्वतः उभी राहून गात असे. आपल्याकडच्या संगीत रंगभूमीची आठवण येऊन मी हुरळले होते. पण हा चित्रपट आज उपलब्धच नाही. चटकन पेट घेणारी नायट्रेटची फिल्म, दमट हवा आणि 1945 च्या युद्धात बेचिराख झालेले मनिला यांतून युद्धपूर्व काळातले मोजकेच चित्रपट वाचले. तरीही ‘दालागांग बुकिद’च्या दृश्यशैलीवर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिणारे लोक मी वाचले आहेत. त्यांनी काय पाहिले होते, देव जाणे.

आता थोडे कडू. दुप्पट वेगाने चित्रपट पाहणाऱ्याने या वाटेला येऊ नये. लाव दियाज यांचा 2016 साली बर्लिनला गाजलेला चित्रपट 485 मिनिटांचा आहे, आणि त्यातली वाट पाहणे हाच त्याचा आशय आहे. पण म्हणून तिथूनच सुरुवात करण्याची मर्दुमकीही नको. मी ती केली आणि तिसऱ्या तासाला झोपले. ‘सर्वोत्तम दहा’च्या याद्यांवर माझा विश्वास नाही, आणि मार्गदर्शकाच्या कौतुकावर तर त्याहून नाही. तुमच्या लेखनावर खूश होणाऱ्यापेक्षा प्रत कोणती हे विचारणारा माणूस शोधा. असा माणूस बहुधा मागच्या रांगेत बसतो आणि चहाच्या वेळी निघून जातो.

मी ते प्रकरण फाडले नाही. आवाज जिथे तुटतो त्या जागा मिनिट-सेकंदांसह वहीत उतरवल्या, प्रत्येक जागी कोणता शब्द असू शकेल ते वाक्याच्या ओघावरून पडताळले, आणि शहराचे नाव पुसले की शहर आणखी ठळक कसे दिसू लागते यावर नऊ पाने लिहिली. पहिल्या पानावरची पहिली तळटीप प्रतीविषयी आहे आणि ती अर्धे पान भरते.