पेशंटसाठी गेम बनवताय? मग या चुका टाळा

गेम बनवायला कोडिंग यायलाच पाहिजे असं आता काही राहिलं नाही. स्क्रॅच हे मुलांना कोडिंग शिकवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातले कोडचे ठोकळे जोडायचे, लॅपटॉपचा कॅमेरा लावायचा, की स्क्रीनवर काहीतरी हलायला लागतं. सोलापुरातल्या फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच थेरपीवाल्या आपल्या लोकांनी हे जरूर करावं, लई उपयोगाचं आहे, पण काही चुका अशा आहेत की त्यात पेशंटचं नुकसान होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी गेम ठरवायचा आणि मग तो कुणाला चालेल ते शोधायचं. आधी कागदावर लिहा, कुठला सांधा, किती अंशापर्यंत, किती वेळा, आणि पेशंट शॉर्टकट कुठून मारतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं. स्ट्रोकच्या पेशंटला स्क्रीनवरचा फुगा फोडायला हात पुढे न्यायला सांगितला आणि कोपर सरळ होत नसेल तर तो कमरेतून अख्खा पुढे वाकतो नाहीतर खांदा वर उचलतो, फुगा फुटतो, स्कोअर वाढतो, मामा खूश, घरचे खूश, आणि कोपर आहे तिथंच. गेमला यातलं काही कळत नाही. म्हणून पाठ खुर्चीला टेकलेली ठेवा, गरज असेल तर छातीला पट्टा लावा, आणि बाजूनं फोनवर व्हिडिओ घेऊन कोपराचा अंश तुम्ही स्वतः बघा. फाइलमध्ये तो अंश लिहायचा, स्कोअर नाही.

स्क्रॅचमधल्या व्हिडिओ सेन्सिंगबद्दल, म्हणजे कॅमेऱ्यानं हालचाल टिपण्याबद्दल पण गैरसमज आहे. ते हात ओळखत नाही, चित्रात काय हललं एवढंच बघतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पंखा बंद ठेवणं शक्यच नाही, मग मागचा पडदा हलला, नातेवाईक मागून गेले, तरी फुगे फुटतात. पेशंटच्या मागं साधी भिंत, उजेड समोरून, आणि मोशनचा जो आकडा सुरुवातीला 10 असतो तो थोडा थोडा वाढवून बघा. डावा-उजवा उलटा दिसत असेल तर व्हिडिओ ऑन आणि ऑन फ्लिप्ड यात बदल करा.

बोटांच्या पकडीसाठी मेकी मेकी चांगलं, म्हणजे लॅपटॉपला जोडायचं छोटं सर्किट बोर्ड, त्याच्या वायरी एकमेकींना जोडल्या गेल्या की लॅपटॉपला कीबोर्डचं बटण दाबल्यासारखं वाटतं. विडी बांधणाऱ्या मावशींच्या हाताला चिमटीची पकड परत आणायची असेल तर त्यांना परदेशी फळं कापायचा गेम कशाला, पान आणि दोरा दाखवा की. अंगठ्यावर बोर्डाच्या अर्थची (अर्थिंगची) वायर लावलेली फॉइल, तर्जनीवर बटणाच्या वायरची दुसरी फॉइल, दोन्ही टेकल्या की बटण दाबलं जातं. इथं हमखास अडतं ते असं, दोन्ही फॉइल थेट कातडीला लागल्या तर करंट हातातूनच जातो आणि बटण सतत दाबलेलंच राहतं, म्हणून फॉइलखाली कापडी चिकटपट्टी घ्या. उलट एका हातात अर्थ धरून दुसऱ्या हातानं वस्तूला हात लावायचा गेम असेल आणि काहीच होत नसेल तर कोरडे हात हे कारण असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा.

उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर काहींचं डाव्या बाजूकडं लक्षच जात नाही, आणि आपण बटण नेमकं डावीकडं ठेवतो आणि मग म्हणतो पेशंट कोऑपरेट करत नाही. डाव्या कडेला जाड लाल पट्टी ठेवा, तिथपर्यंत नजर न्यायची सवय लावा, टार्गेट हळूहळू डावीकडं सरकवा. स्पीड, टार्गेटचा आकार हे व्हेरिएबल (बदलता येणारे आकडे) करून गेमच्या स्क्रीनवर दिसणाऱ्या त्यांच्या चौकटीवर राइट क्लिक करून स्लायडर लावा, म्हणजे पेशंट थकला की कोड न उघडता जागेवर बदलता येतं. जिंकल्यावर झगमग नको, सेकंदाला 3 पेक्षा जास्त वेळा स्क्रीन चमकली तर फिट येणाऱ्या काही पेशंटना धोका असतो.

भाषेचं तर सोलापुरात विसरूच नका. पूर्व भागातल्या आजींना तेलुगू जवळची, कुणाला कन्नड. स्क्रॅचच्या साउंड्स टॅबमध्ये नातवाचाच आवाज रेकॉर्ड करा, "इकडं हात ने आजी" असं त्यांच्या भाषेत.

आणि घरच्यांना हा गेम म्हणजेच ट्रीटमेंट असं सांगू नका. अमेरिकेत एंडेव्हरआरएक्स या गेमला 2020 मध्ये एफडीएनं (तिथल्या औषध-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं) 8 ते 12 वयाच्या एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या मुलांसाठी परवानगी दिली ती मुलांवर ट्रायल झाल्यावर, आणि तोही बाकीच्या उपचारांच्या जोडीनंच वापरायचा. आपला गेम सरावाला मदत आहे, तेवढंच सांगा.

स्क्रॅचवर प्रोजेक्ट शेअर केलं की ते सगळ्या जगाला उघडून बघता येतं, त्यामुळं शेअर करायच्या प्रोजेक्टमध्ये पेशंटचं नाव, फोटो, घरच्यांचा आवाज काही नको. नातवाचा आवाज वगैरे असेल तर स्क्रॅचचं ऑफलाइन ॲप टाका, फाइल आपल्याच लॅपटॉपवर ठेवा, नावाऐवजी नंबर द्या.