साखर काढली तरी कार्ब्स उरतातच: घरच्या लो-कार्ब चॉकलेट दुधातल्या या चुका टाळा

लो-कार्ब चॉकलेट दूध करायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी साखरेचा डबा बाजूला ठेवतात आणि काम झालं असं समजतात. पण २०० मिली गायीच्या दुधात साखरेचा कणही न घालता ९ ते १० ग्रॅम कार्ब्स, म्हणजे कर्बोदकं, असतात. हे कार्ब्स लॅक्टोजचे, म्हणजे दुधातल्याच साखरेचे. दोन छोटे चमचे भरून साखर घातली तर साधारण तेवढेच आणखी वाढतात. म्हणून साखर काढली तरी हिशोब निम्म्यावरच येतो. खरी चूक दूध निवडतानाच होते.

तबेल्याचं म्हशीचं दूध दाट म्हणून वाईट आणि टोन्ड पातळ म्हणून बरं, हे ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत कुणीही सांगेल. पण दाटपणा फॅटचा असतो. लॅक्टोज दोन्हींत जवळपास सारखंच. स्किम्ड दुधातून साय जाते, साखर राहते. लॅक्टोज-फ्री दुधाचाही इथे उपयोग नाही. त्यात एन्झाइम घालून लॅक्टोजचं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेलं असतं, म्हणून ते गोड लागतं, पण एकूण कार्ब्स तेवढेच. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी ते उत्तम. ओट्सचं दूध तर धान्याचंच, त्यामुळे लो-कार्बमध्ये बसत नाही.

मग घ्यायचं काय? माझं मत विचाराल तर घरी काढलेलं बदामाचं दूध. १२ ते १५ बदाम रात्रभर भिजवा, सालं काढा, २०० मिली पाण्याबरोबर मिक्सरमधून अगदी बारीक फिरवा आणि मलमलच्या कापडातून पिळून घ्या. यात कार्ब्स दोन-तीन ग्रॅमच्या वर जात नाहीत. बदाम वाशीच्या मसाला मार्केटमधून घ्या किंवा जांभळी नाक्यावरून, पण पावसाळ्यात थोडेथोडेच आणा. आपल्याकडच्या दमट हवेत ते लवकर खवट होतात आणि तो खवटपणा कितीही कोको घातला तरी लपत नाही. तयार पाकीट घ्यायचं असेल तर पुढच्या बाजूचे बदाम बघू नका, मागची घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात; पाण्यानंतर लगेच साखर असेल तर पाकीट परत ठेवा. ‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे वरून घातलेली साखर नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘शुगर फ्री’चा दावा करायला मात्र एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमाप्रमाणे १०० मिलीत ०.५ ग्रॅमहून जास्त साखर चालत नाही.

बदाम चालत नसतील तर तीन टेबलस्पून फ्रेश क्रीम आणि १५० मिली पाणी. कार्ब्स दोन ग्रॅमच्या आसपास राहतात, पण कॅलरी शंभरच्या वर जातात. वजनासाठी लो-कार्ब करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

कोकोच्या गुठळ्या

ड्रिंकिंग चॉकलेटची पावडर म्हणजे कोको नव्हे. तिच्यात बहुधा साखरच सर्वांत जास्त असते. डब्यावर नुसतं ‘कोको पावडर’ आणि ‘अनस्वीटन्ड’ लिहिलेलं हवं. एका सपाट टेबलस्पूनमध्ये, म्हणजे साधारण ५ ग्रॅममध्ये, तीनेक ग्रॅम कार्ब्स असतात आणि त्यातला निम्मा भाग फायबर असतो.

हा कोको थेट दुधात टाकला की वर तरंगतो, कारण त्यात कोको बटर असतं आणि ते पाण्याला जवळ येऊ देत नाही. मग माणूस चमचा फिरवत बसतो आणि आत कोरड्या गुठळ्या तशाच राहतात. आधी पातेल्यात कोको चाळून घ्या. त्यावर दोन टेबलस्पून कडकडीत पाणी घाला आणि चमच्याच्या पाठीने कडेला दाबत घोटा. सुरुवातीला भुरभुरीत, मग चिकट, आणि एका क्षणी एकदम चकचकीत लेप होतो. ती चकाकी दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग मंद आचेवर मिनिटभर शिजू द्या म्हणजे कच्ची, पिठूळ चव जाते. बदामाचं दूध वेगळं कोमट करून थोडंथोडं ओता आणि रवीने घुसळा.

इथेच दुसरी गडबड होते: सवयीने दुधाला उकळी आणली जाते. बदामाचं दूध उकळलं की फाटल्यासारखं होतं, पाणी वेगळं आणि कणी वेगळी. वाफ दिसू लागली की गॅस बंद. फाटलंच तर जरा निवू द्या आणि मिक्सरमधून एकदा फिरवा, बऱ्यापैकी सावरतं.

थोड्या वेळाने तळाशी गाळ बसणं ही चूक नाही, कोको विरघळत नाहीच. फार खटकत असेल तर झँथन गम (दाटपणा आणणारी पावडर) चिमटीभर, तोही कोरड्या कोकोत आधीच मिसळून. जास्त झाला तर दूध बुळबुळीत होतं.

गोडवा

गूळ, मध, खजूर हे सगळे कार्ब्सच आहेत. गूळ बहुतांशी साखरच, आणि मधातही ८० टक्क्यांच्या आसपास साखर. स्टीव्हिया या गोड वनस्पतीच्या अर्काच्या पुड्यांमध्ये भर म्हणून बरेचदा माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असतं, आणि तेही कार्ब्सच, म्हणून घटक वाचा; थेंबांची बाटली जास्त भरवशाची. साखरेऐवजी वापरतात त्या पावडरींपैकी माल्टिटॉल रक्तातली साखर वाढवतं आणि पोटही बिघडवतं. एरिथ्रिटॉल गरम दुधात छान विरघळतं. अ‍ॅस्पार्टेमच्या गोळ्या शिजवू नका, उष्णतेने त्यांची गोडी जाते. गॅस बंद केल्यावर घाला.

कडू लागलं म्हणून गोडवा वाढवत जाणं ही मात्र सर्वांत मोठी चूक. स्टीव्हिया जास्त झाला की स्वतःच कडवट लागतो. त्याऐवजी चिमटीभर मीठ घाला, कडूपणा लगेच दबतो. दुधात मीठ घालत नाहीत, असं घरातल्या ज्येष्ठांनी म्हटलं तर सांगा की हे बदामाचं आहे. चिमूटभर इन्स्टंट कॉफीने चॉकलेटची चव आणखी गडद होते.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर रोजच्या गोड दुधाच्या जागी हे दूध सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषधाचा डोस तोच आणि कार्ब्स अचानक कमी, यात रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते.

घरचं बदामाचं दूध बाहेर ठेवू नका. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. कोको मिसळलेलं दूध दुसऱ्या दिवशी घट्ट होतं. दोन चमचे गरम पाणी घालून पुन्हा घुसळलं की पहिल्यासारखं होतं.